घडीचा पाना आणि दसऱ्याची पैज

११ सप्टेंबर, सोमवार
आज परत रस्त्यात बसले. सोनपेठच्या अलीकडं, पुलाच्या उतारावर हँडल हातातच फिरलं. चाक सरळ चाललंय, हँडल उसाच्या फडाकडं वळलंय, आणि मी मधे. पडले नाही एवढंच. मी शिकवते तो शिवणक्लास बुडाला. ह्यांना फोन केला. फवारणी अर्धी टाकून, शेजारच्याचा टेम्पो मागून आले. सायकल मागं टाकली, मला पुढं बसवलं, आणि गाव येईपर्यंत एक शब्द नाही. मला भांडलेलं चालतं, गप बसलेलं नाही चालत.

घरी आल्यावर तोंड उघडलं. "भाच्यानं प्रेमानं दिली म्हणून ठिवली सायकल. पण ह्या महिन्यात कितीदा फोन आला तुजा? आता दसऱ्यापर्यंत बघतो. तवर एकदा जरी 'न्यायला या' म्हणलीस, तर सायकल इकायची. मंग मी सोडीन तवा क्लासला जायचं."
मी पण तापलेलीच होते. म्हटलं, "चालतंय. दसऱ्यापर्यंत फोन केला तर नाव बदला माझं."
आत्याबाई वाती वळायल्या होत्या. मान वर न करता म्हणतात, "लग्नात एकदा बदललंच की गं. आता आनखी काय ठिवणार?"
सासू असावी तर अशी. कुणाच्याच बाजूची नाही.

१२ सप्टेंबर
रशीदभाईकडं नेली. गावात पंक्चर, चेन, सगळं तेच बघतात. हँडलचा बोल्ट बघितला आणि मान हलवली. "ताई, ह्याला बाहेरून पाना लागतच न्हाई. आत सहा कोनाचं भोक हाय. आपल्याकडं त्या मापाची काडी न्हाई." म्हणजे परभणी. म्हणजे परत टेम्पो. म्हणजे परत ह्यांचं तोंड.

संध्याकाळी अनिकेतला फोन लावला. हाच तो भाचा. परदेशात नोकरीला गेला आणि जाताना गियरची सायकल मामीला देऊन गेला. म्हणाला, "मामी, सीटखाली छोटी पिशवी आहे बघा. त्यात सगळं आहे."
बघितली. आत मुठीएवढं लोखंड. चाकूसारखी घडी घातलेल्या काड्या, एकीला एक चिकटून. एक ओढली तर चार बाहेर. स्क्रू ड्रायव्हर, सहा कोनी काड्या बारीकपासून जाडपर्यंत, एक चांदणीच्या टोकाची, आणि शेवटी एक कसलंसं दात असलेलं चिमटं.
आ.बा.नी (म्हणजे आत्याबाईंनी) हातात घेऊन उलटंपालटं केलं. "अडकित्ता हाय का?" आणि मी काही म्हणायच्या आत त्या चिमट्यात सुपारी धरून दाबली. सुपारीला काही झालं नाही. "बोथट हाय," म्हणाल्या.

१३ सप्टेंबर, बुधवार
आज क्लासला ह्यांच्या गाडीवर गेले. हे 'आलोच' म्हणाले आणि शेतातली मोटर चालू करायला गेले, मग कुणाचा बैल सुटला, मग चहा. पोचले तर पोरी ओट्यावर बसलेल्या आणि क्लासच्या मॅडम फाटकात. मॅडम रागावत नाहीत, पण म्हणाल्या, "सुनंदाताई, तुम्हाला जमत नसंल तर सांगा. दुसरी बाई विचारायलीय." 
लय लागलं मनाला. लग्नानंतर हे एकच काम माझ्या नावाचं आहे. ते काही कुणाच्या 'आलोच'वर सोडायचं नाही मला.

१५ सप्टेंबर
पहाटेच उठून बसले सायकलपुढं. हँडलच्या भोकात काडी घातली, फिरवली, फिरली. खूश. फिरवतच राहिले. बोल्ट जागचा हलेना, काडी मात्र आतल्या आत गोल. बाहेर काढून बघते तर भोकाच्या कडा चमकायल्या. माप चुकलं होतं. एक नंबर बारीक घेतली होती.
शिलाई मशीनच्या स्क्रूचं असंच असतं, ढिला स्क्रू ड्रायव्हर लावला की खाच जाते आणि मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. पोरींना मीच सांगते हे. आणि मी स्वतः.
पुढची जाड काडी घातली. जरा दाबून बसली. आता बरोबर. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं, हँडल सरळ केलं, थोडं इकडचं आवळलं, थोडं तिकडचं. हललं नाही परत.
ज्या काडीनं झालं तिच्या बुडाला लाल नेलपॉलिश लावून ठेवलं. सायकलवरच गेले क्लासला. वेळेच्या आधी. मॅडमना मुद्दाम घड्याळ विचारलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार
आज महालक्ष्म्या बसल्या. क्लासला सुट्टी. कामानं पाठ मोडली.
उभ्या करताना एक महालक्ष्मी डावीकडं झुकायली. लोखंडी स्टँडचा स्क्रू ढिला. हे म्हणाले, खाली पुठ्ठा सरकवू. मी पदराच्या गाठीतून पाना काढला, स्क्रू ड्रायव्हर उघडला, आवळला. देवी ताठ. आ.बा. बघत होत्या. "अडकित्ता बरा हाय की," म्हणाल्या.
हे म्हणाले, "पदराला कामून बांधून फिरायलीस त्ये?"
"तुमच्या कमरेला तंबाखूची पिशवी असती, मी विचारते का?"

२७ सप्टेंबर, बुधवार
पाच-सहा दिवस मागच्या चाकातून चर्र चर्र आवाज. पहिल्यांदा वाटलं ढिलं आहे, म्हणून दिसंल ते सगळं कचकचून आवळलं. ह्या घरात हीच शिकवण, नांगर असो का खाटेची सुंभं, कचकचून आवळ. चाक फिरायचंच बंद झालं.
अनिकेत फोनवर लय हसला. म्हणाला, "मामी, ब्रेक वाकडा बसलाय. दोन बोल्ट ढिले करा, ब्रेक दाबून धरा, धरलेलाच ठेवा, आणि आता आवळा." 
हात दोन आणि कामं तीन. मग ब्रेकला माझ्या वेणीची रिबीन करकचून बांधली आणि आवळलं. रिबीन सोडली. चाक फिरवलं. काहीच आवाज नाही.
काहीच आवाज नसण्यात एवढं सुख असतं हे आज कळलं. उगं दोनतीनदा फिरवून ऐकलं.
आणि धडा: ढिलं करायला पण अक्कल लागते.

३० सप्टेंबर, शनिवार
आजचं लिहितानाच हसू यायलंय.
काल रस्त्यात डावा पायडल डगडगायला लागला. घरी आणून आवळायला बसले तर जेवढं आवळावं तेवढा बाहेर. बराच वेळ झगडले तेव्हा कळलं, डाव्या पायडलचे आटे उलटे आहेत. आवळायचा तो उलट्या बाजूनं. कळल्यावर जाड काडीनं अर्धामुर्धा बसवला आणि स्वयंपाकाला उठले.
सकाळी मी भाकरी थापायले आणि बाहेर हे पायडलपाशी बसलेले. कौतुक वाटलं होतं खरं. "हात लई बारीक तुजे," म्हणतात, "हिकडं आण." घेतला पाना, लावली ताकद, सगळी जन्माची. पायडल सुटून पायावर पडला.
"तुटला काय ह्यो?"
भाकरी तव्यावर टाकली, बाहेर आले, पायडल लावला, उलटा फिरवला, बसवला. हात झटकले. आत गेले.
भाकरी पण नीट फुगली.
मागून आ.बा. "दत्ता, तुज्या बापाला पण असंच वाटायचं, जोर लावला की सगळं हुतंय."

४ ऑक्टोबर
पानातल्या त्या दात असलेल्या चिमट्याचं आज कळलं. सुपारी नाही, चेन तोडायचं आहे ते. म्हणजे कडीतली पिन ढकलून बाहेर काढायची, तुटकी कडी काढायची, परत जोडायची. रस्त्यात चेन तुटली की एवढाच उपाय.
रशीदभाईकडून भंगारातली चेन आणली. खांबाला टांगून शिकायले. पहिली पिन ढकलली आणि ढकलत बसले, टचकन बाहेर पडली. पडली ती पडली, कोंबडीनं चोचीत घेऊन पळ काढला. ती पिन परत बसत नाही म्हणे. पूर्ण काढायचीच नसते, काठावर थांबवायची असते.
दुसरी पण गेली. तिसरी गेली. चौथ्याला दम धरला, हळूहळू, बोटाला अंदाज येईपर्यंत. काज करताना कात्री शेवटच्या धाग्यावर थांबवतो ना, तसं. थांबली.
मग जोडली. मग परत तोडली. दिवसभर तेवढंच केलं. दोन ब्लाऊज राहिले शिवायचे, गिऱ्हाइकाला सांगितलं, तब्येत बरी नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार
तुटली.
बरोबर मधोमध, जिथं ना आपलं गाव ना सोनपेठ. चढाला जोर दिला आणि पायातलं सगळं वजनच गेलं. मागं बघते तर चेन रस्त्यावर सापासारखी पडलेली.
खाली बसले. एवढं भ्यालेले नव्हते कधी. पिशवी उघडली, चिमटं काढलं. वाकडी झालेली कडी शोधली, पिन ढकलली, काठावर थांबवली. घाम डोळ्यात.
तेवढ्यात आपल्या गावातले किसनभाऊजी मोटरसायकलवर. "वहिनी, काय झालं? थांबा, दत्तारावला फोन करतो."
"नका करू."
"असं कसं, बाईमाणूस रस्त्यात..." आणि लावला. माझ्यासमोर लावला. मला त्यांच्या हातातला फोन उसात फेकावासा वाटला, खरंच सांगते.
चेन जोडली. एक कडी कमी, जरा ताणलेली, पण जोडली. पायडल मारला, लागली. भाऊजी तोंड उघडं ठेवून बघायलेत. मी गेले पण.
क्लासला पोचले तेव्हा पोरींनी माझे हात बघितले आणि कुणी विचारलंच नाही. कापडाला हात लावायच्या आधी राखेनं चोळून चोळून धुतले.

१० ऑक्टोबर
काल रात्री जेवताना. 
"फोन आला व्हता," हे म्हणाले.
"मी केला नव्हता."
"माज्या फोनवर आला."
"किसनभाऊजींच्या फोनवरून. त्यांची सायकल विका."
आ.बा. जेवता जेवता ठसकल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, "दत्ता, तू गेल्तास न्हवं टेम्पो घिऊन? मंग रिकामाच कामून आलास परत?"
गेले होते म्हणजे. जिथं चेन तुटली तिथवर, आणि मी नाही म्हणून परत. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.
पैज चालूच.

१८ ऑक्टोबर, बुधवार
घट बसल्यापासून कामच काम, पण सायकल गप गुमान चालायलीय. गियर पण मीच लावला काल, स्क्रू ड्रायव्हरनं, अर्धा अर्धा फेरा. चेन आता एका चाकावरून दुसऱ्यावर अशी सरकते की कळत पण नाही.
क्लासमधल्या एका पोरीनं विचारलं, "ताई, तुमचा तो पाना बघू?" सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. त्या दिवशी कळीच्या बाहीचं कटिंग राहिलंच.
रस्त्यात आता लोक ओळखायलेत. एक म्हातारा दरवेळी हात जोडतो, का ते माहीत नाही. मी पण जोडते.

२३ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी
देवघरापुढं पाट मांडला. विळे, खुरपी, कुऱ्हाड, ह्यांचा स्प्रे पंप, माझी मोठी कात्री. मी पाणी आणायला गेले आणि येऊन बघते तर कात्रीच्या शेजारी पाना. सगळ्या काड्या उघडून, मोरासारखा पसरून. आ.बा.नी ठेवला होता. 
"तुमी ठेवलात?"
"हत्यारच हाय की ते बी. तुजं."
हळदीकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. ह्यांनी पण नमस्कार केला, पाना धरून सगळ्यांनाच. मी डोळे पुसले, धूर लागला म्हणाले.
आमच्या घरचा नियम, पूजेतलं हत्यार दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाहिल्यावरच उचलायचं. तोवर बोट लावायचं नाही.

२४ ऑक्टोबर, मंगळवार, दसरा
सविस्तर लिहायचं आहे. हात दुखायलाय, तरी.

दुपारी क्लासमध्ये मशीनची पूजा, ती मीच करायची असं मॅडमचं ठरलेलं. हे शेतात आपट्याची पानं आणायला गेलेले. आ.बा.नी सायकल धुतली, हँडलला आणि मागं कॅरिअरला झेंडूची भलीमोठी माळ बांधली. "गाडीला घालतो, मंग हिला कामून न्हाई?" मला पण लय भारी वाटलं. नवरीसारखी निघाले.
अर्ध्या वाटेवर मागची माळ सुटली आणि दोऱ्यासकट मागच्या चाकात गेली. नायलॉनचा दोरा. फुलं चेंगरली, दोरा गियरच्या चाकांत फिर फिर फिरला, चेन अडकली, मी उतरले का पडले ते सांगता येत नाही.
पिशवीला हात घातला. रिकामी. पाना घरी पाटावर. कात्री घरी. घरातलं सगळं धारेचं लोखंड आज देवापुढं.
रडू आलं. उगं नाही, चांगलं हुंदके देऊन. दसऱ्यापर्यंत म्हणजे आजपर्यंत. एवढे दिवस काढले आणि आता शेवटच्या दिवशी एका फुलाच्या माळेपायी. फोन काढला होता. खोटं कशाला लिहू. ह्यांच्या नावापर्यंत बोट गेलं होतं.
मग सायकलकडं बघितलं. बघतच राहिले. आणि लक्षात आलं, मागचं चाक काढायला पाना लागतच नाही. खटका आहे. हातानं उघडतो. 
फोन पिशवीत टाकला. खटका उघडला, चाक काढून मांडीवर घेतलं. बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि दोरा उकरायला लागले, उसवण काढतो तशी, एकेक फेरा. जिथं पिन जाईना तिथं दातानं. तोंडात तेल, झेंडू, माती. निघाला. सगळा निघाला. चाक बसवलं, चेन चढवली. गियरची दांडी थोडी आत वाकलेली, खरखर करते, पण एका गियरवर चालते.
गेले. पोरी थांबलेल्या होत्या. मशीनना हळदीकुंकू वाहिलं. माझ्या काळ्या बोटांचे ठसे सगळ्या मशीनवर.

बाहेर आले तर फाटकात हे. धुतलेल्या गाडीवर, टोपीत घटाचं धान खोचलेलं, आणि तोंड पांढरंफटक.
"तुमी इकडं कामून?"
खिशातून रुमाल काढला. उलगडला. पाना. कुंकवासकट.
"ह्ये घरी राहिलं व्हतं."
"पूजेतून उचललात?"
"उचललं."
"आत्याबाई?"
"बोंबलायलीय. बोंबलू दे."
मग बोलले, जमिनीकडं बघत. "वाटंत झेंडूचा सडा पडलेला. तेलाचा डाग. आन तू न्हाईस कुटं. माजे पायच गेले, सुनंदा."
"फोन करायचा की मग."
"सुचलंच न्हाई."
"मी पण केला नाही," मी म्हटलं. "पैज म्हणून नाही सांगत. केला नाही एवढंच."
"म्हाईत हाय. आन मी पण न्यायला आलो न्हाई. तुजं हत्यार द्यायला आलो."
वीस वर्षं संसार केला ह्या माणसाबरोबर. असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. तिथंच फाटकात रडले परत, पण हे रडणं वेगळं.

येताना मी पुढं सायकलवर आणि हे मागं गाडीवर, माझ्याच वेगानं. एकदा पण हॉर्न वाजवला नाही. शिवेवर आलो तर गावातली सगळी माणसं सोनं घेऊन परतायलेली, किसनभाऊजी पण. ह्यांनी गाडी लावली, खिशातली आपट्याची पानं काढली आणि सगळ्यांदेखत माझ्या काळ्या हातावर ठेवली. देवाच्या आधी. 
लाज वाटली. आणि छाती पण फुगली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
आ.बा. ह्यांच्याशी बोलत नाहीत. पूजा मोडली म्हणून. माझ्याशी बोलतात. काल पाना स्वतः परत पाटावर ठेवून कुंकू वाहिलं, त्यामुळं आता बिजागरीत कुंकूच कुंकू, एक काडी उघडत नाही. मशीनच्या तेलात भिजत घातलाय.
काल मॅडम म्हणाल्या, आता दिवसाआड घेता, दिवाळीनंतर रोजचा क्लास घ्याल का. उद्या सांगते म्हटलं. ह्यांना सांगितलं.
"रोज?"
"रोज."
मग उठून अंगणात गेले, सायकल उलटी केली, हातानं पायडल फिरवत बसले. खर खर खर.
"ही दांडी ह्या पान्यानं नीट हुईल का?"
"माहीत नाही. होईल असं वाटत नाही."
"मंग परभणीला न्यावी लागंल. टेम्पो मागू का?"
रागानं नाही विचारलं. विचारलं नुसतं.
"थांबा," मी म्हटलं. "आधी मला बघू द्या."
आणि ते सरकून बसले.